ससा आणि मागलं दार

हायस्कूलच्या कार्यालयात सव्वीस वर्षं इमानानं खर्डेघाशी केलेल्या वरिष्ठ लिपिकानं स्वतःच्या परसात, अर्ध्या चड्डीवर, एक मेलेला ओलाचिंब ससा मागच्या पायांना धरून उभं राहावं, आणि तेही वनखात्याच्या माणसासमोर, हे दृश्य सेवापुस्तकात नोंदवण्यासारखं नाही. तरी ते घडलं, आमच्या धामापुरात घडलं, आणि गावात अजून सांगितलं जातं. सांगणारे दर वेळी माझी चड्डी थोडी आखूड करतात, म्हणून एकदा मीच नीट सांगून टाकतो.

झालं होतं असं, की अप्पांनी जेवण सोडलं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, वय त्र्याऐंशी. मार्चात न्यूमोनिया होऊन बारा दिवस दवाखान्यात राहिले आणि घरी आल्यापासून खाटेवरून उठेनात, ताटाकडे बघेनात. पेज दिली की दोन घोट. माशाची कढी दिली तर "पाण्यासारकी लागता." कोंबडी केली तर "कापूस चावतंय काय मी?" डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत, आता आजार छातीत नाही, मनात आहे. मागतील ते द्या, पण पोटात जाऊ दे, नाहीतर पावसाळा कठीण आहे. चाळीस दिवसांत अप्पांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. मला ते घड्याळ बघवत नसे. मी त्यांच्या खोलीत जाताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत जात असे.

आणि एका सकाळी अप्पा आपणहून बोलले. "सत्या, सश्याची सागोती खावची वाटता."

सागोती म्हणजे आमच्याकडचा मांसाचा मसालेदार रस्सा, वड्यांबरोबर खायचा. अप्पा तरुणपणी शिकारीला जात. हे मला माहीत असण्याचं कारण, ते गेली पन्नास वर्षं दुसरं काही सांगत नाहीत. कातळाच्या सड्यावर हाकारा कसा घातला, ससा कुठल्या करवंदीच्या जाळीतून उठला, गोळी कशी लागली, आणि त्या सश्याची सागोती खाऊन पाहुणे कसे तीन दिवस गेलेच नाहीत, हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. ससे मी तोंडानं मोजून दोन-तीनदा आणि कानांनी शेकड्यांनी खाल्ले आहेत. पण आता रानातला ससा मारणं म्हणजे तुरुंग. आणि मी सरकारमान्य हायस्कूलचा लिपिक. आमच्याकडे साधी किरकोळ रजा घेतानाही अर्ज तीनदा तपासतात.

मार्ग काढला तो गुरुदासदादांनी. गुरुदासदादा म्हणजे आमच्या आवाराच्या दगडी गडग्यापलीकडचे शेजारी. मुंबईत पस्तीस वर्षं नोकरी करून गावी परतलेले, आणि तिथे मालकाला देता न आलेले सगळे सल्ले बरोबर घेऊन आलेले. ते म्हणाले, "पाळीव ससो खाव चलता. कायद्यान चलता. बांद्याक जितेंद्र म्हणान एक पोरगो आसा, तो मासासाठीच पाळता."

बुधवारी मी स्कूटर काढली. निघताना अप्पांनी खाटेवरून बजावलं, "पांढरो हाडू नको. पांढरो ससो म्हणजे मोठो उंदीर. रानातल्यासारको बग." चाळीस दिवस आवाज नसलेल्या माणसानं एवढं लांब वाक्य बोलल्यावर कोण काय म्हणणार? मी जितेंद्राकडे शंभर पांढरे ससे नापास केले आणि एक करड्या-तपकिरी रंगाचा, गुबगुबीत, माझ्या मुख्याध्यापकांसारखा सतत ओठ हलवणारा ससा पास केला.

जितेंद्र चांगला मुलगा. म्हणाला, "काका, हंयच कापून, सोलून, तुकडे करून देव? बर्फात घालून व्यवस्थित पोचतलो."

इथे माझा स्वाभिमान आडवा आला. मी म्हटलं, "नको रे. आमच्या घरात शेकड्यांनी ससे सोललेलो माणूस आसा." मी हे जरा मोठ्यानंच म्हटलं, कारण बाजूला दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. पुढच्या चार दिवसांत मला हे वाक्य दिवसातून दहादा आठवलं.

टोपलीवर फडकं बांधून ससा स्कूटरवरून घरी आला. गुरुदासदादा गडग्यावर कोपर टेकून वाटच बघत होते. फडक्यातून दोन करडे कान वर आले. त्यांनी ते बघितले आणि काही न बोलता आत गेले. गुरुदासदादा काही न बोलता आत जातात तेव्हा ते फोन करायला जातात. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की सत्यवानाच्या घरी रानातला ससा आहे. आणि हे पसरवलं, ज्यांनी पाळीव सश्याचा पत्ता दिला होता त्यांनीच. नंतर विचारलं तर म्हणाले, "मी फक्त रंग सांगितलंय."

गुरुवारी सकाळी वनरक्षक नम्रता मॅडम दारात. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, इस्त्रीचा गणवेश, आणि बोलणं शुद्ध कार्यालयीन. "आपल्याकडे वन्यप्राणी असल्याची माहिती मिळाली आहे." मी त्यांना खुराड्याशी नेलं. आमच्या कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या आणि ससा जास्वंदीचा पाला खात बसला होता. मॅडमनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "पांढरा असता तर प्रश्न नव्हता. हा रंग संशयास्पद आहे. पाळीव असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आणा. तोपर्यंत याला काही करायचं नाही."

मी जन्मभर लोकांना दाखले दिलेले आहेत. बोनाफाइड, शाळा सोडल्याचा, जन्मतारखेचा. दाखला मागायला जाणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. जनावरांच्या दवाखान्यातले पर्यवेक्षक सज्जन होते, पण त्यांच्या छापील नमुन्यात गाय, म्हैस, शेळी, कुत्रा एवढेच रकाने होते. सश्याचा रकाना नाही. शेवटी 'इतर' लिहायचं ठरलं, तर 'इतर'साठी वरिष्ठांची परवानगी. वरिष्ठ शुक्रवारी आले. दाखला हातात पडला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, आणि त्यावर लिहिलं होतं, 'सदर प्राणी हा ससा असून तो पाळीव असावा असे वाटते.'

"असावा, आणि वर असे वाटते?" नम्रता मॅडम फोनवर म्हणाल्या. "रविवारी नऊ वाजता मी स्वतः येऊन पंचनामा करते." शनिवारी तसंही आमच्याकडे मांस शिजत नाही. गुरुवारीही नाही, सोमवारीही नाही. देवाचे वार आणि सरकारचे वार यांच्यामधून वाट काढत आम्ही रविवारवर येऊन थांबलो. ससा मात्र या चार दिवसांत अर्धा किलो वाढला. खात नव्हते ते अप्पा. दर सकाळी विचारत, "इलो काय ससो?" मी म्हणे, "इलो अप्पा, कागदपत्रां रवली आसत." आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करत. शनिवारी त्यांनी विचारलंच नाही. तेव्हा मी खरा घाबरलो. ही इच्छा विझली तर दुसरी कुठली येणार?

रविवारी सकाळी सात वाजता परशुराम आला. परशुरामाचं बाजारात कोंबडीचं दुकान. कापण्याचं काम माझ्यानं होणार नाही हे माझी बायको सारिका हिनं आधीच जाहीर केलं होतं, म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, "नऊ वाजेपर्यंत थांब रे, पंचनामो आसा." तो म्हणाला, "रयवारचो दिवस, दुकानार रांग लागली हा. आता नायतर फुडल्या रयवारी." मी अप्पांच्या खोलीकडे बघितलं. मग म्हटलं, आता.

तो ससा घेऊन गोठ्यामागे गेला. मी त्या वेळी माडावर नारळ किती आहेत ते बघत होतो. काम अर्ध्या मिनिटात, आवाज न होता झालं. परशुरामानं ससा माझ्या हातात दिला, हात धुतले आणि स्कूटरला लाथ मारली.

"अरे, सोलूचो कोणी?" मी ओरडलो.

"सोलूक माका येणा नाय. कोंबडो आसतो तर पिसां काडलंय आसतंय," असं म्हणत तो वळणावरून गेला.

तर अशा प्रकारे, एप्रिलच्या शेवटच्या उकाड्यात, तीन किलोचा ससा हातात आणि पुढे काय करायचं त्याचा पत्ता नाही, अशी माझी अवस्था झाली. अप्पांना झोपेतून उठवणं जिवावर आलं, म्हणून सुरुवातीला मी फोनवर चित्रफीत लावली. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या काठावर येते, म्हणून मी काठावर, फोन माझ्या हातात आणि ससा सारिकाच्या. चित्रफितीतला गोरा माणूस हसत हसत सुरी फिरवत होता आणि ससा आपोआप सोलला जात होता. सारिका म्हणाली, "ह्येच्या सुरीक धार आसा. आमच्या सुरयेन टॉमेटो सुद्दा चेपता." हा मुद्दा बिनतोड होता.

तेवढ्यात गुरुदासदादा गडगा ओलांडून आले. "इतको विचार कित्याक करतास? कोंबडो तसो ससो. कडकडीत पाणी ओत, केस हातात येतले." त्यांच्या सांगण्यात इतका ठामपणा असतो की आपण पातेलं कधी आणलं ते आपल्यालाही कळत नाही. मी पाणी ओतलं. केस हातात आले, खरंच आले. हाताला चिकटले, कोपराला चिकटले, माझ्या मिशीला चिकटले, गुरुदासदादांच्या चष्म्याला चिकटले. फक्त सश्यावरून गेले नाहीत. एका बाजूला कातडी फाटली आणि ओले केस मांसाला लागले.

नारळ पाडायला आलेले बाबलीकाका हे सगळं माडावरून बघत होते. ते खाली उतरले. "पाणी? बोकडाची खूरमुंडी कशी करतत? भाजतत. चुडती पेटय." आमचा विरोध होण्याआधीच त्यांनी माडाची सुकी चुडती पेटवून सश्याचा एक कान भाजला. असा वास सुटला की गोठ्यातली म्हैस दावं ताणायला लागली. सारिका पदर नाकाला लावून आत गेली. आणि याच वेळी, ओला, एका बाजूनं फाटलेला, एका कानानं जळालेला ससा हातात, मिशीला केस, खाली अर्धी चड्डी, अशा अवस्थेत मी असताना परसाच्या फाटकातून नम्रता मॅडम आत आल्या. बरोबर नऊ वाजता. सरकारी माणूस वेळेवर आल्याची ही मला माहीत असलेली एकमेव घटना.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या.

"ससा," मी म्हटलं. "पाळीव असावा असे वाटते."

त्या हसल्या नाहीत. वही काढली. "मी काय सांगितलं होतं? आता ओळख पटवायची कशी?" मला डोळ्यांसमोर निलंबनाचा आदेश दिसायला लागला. त्यावरची माझ्या नावाची शुद्धलेखनाची चूकसुद्धा दिसली. तरीही मनात पहिला विचार आला तो नोकरीचा नव्हता. अप्पांची सागोती जप्त होणार, हा होता. मी म्हटलं, "मॅडम, काय लिहायचं ते लिहा, पण आधी मला माझ्या वडिलांना विचारू दे. ते शिकारी होते. शेकडो ससे सोलले आहेत त्यांनी."

"शिकारी?" मॅडमचं पेन थांबलं. "कधी?"

आतून, खाटेवरून, अप्पांचा खणखणीत आवाज आला. "भात्तरच्या आदी." वन्यप्राण्यांचा कायदा बहात्तर सालचा. अप्पांच्या ज्या गोष्टी माझ्या दहावीच्या परीक्षेच्या सुमारास घडत असत त्या सगळ्या त्या क्षणी बहात्तरच्या आधी जाऊन बसल्या.

मी आणि बाबलीकाकांनी अप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून मागच्या पडवीत आणलं. चाळीस दिवसांनी ते उन्हात आले होते. त्यांनी सश्याकडे बघितलं, भाजलेल्या कानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी विद्यार्थ्यासारखा उभा.

"अप्पा, सांगा. पयला काय करू?"

"मागले पाय धर."

"धरले."

"वर कर. बरो आसा. तीन किलोचो आसतलो."

"आसा. मगे?"

"मगे घराक ये."

"घरातच आसंय, अप्पा."

"मगे मागल्या दारार ये."

"मागल्या दारारच आसव."

अप्पा जरा चिडले. "मगे इचारतंस काय? खाली ठेय आणि हाक मार."

"कोणाक?"

"तुज्या आवशीक. आणि कोणाक?"

मॅडमनी पेन खाली घेतलं. मी म्हटलं, "म्हणजे तुमी सोलूक नाय?"

"मी मारी होतंय," अप्पा म्हणाले, त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. "ससो पुडल्या दारान येय, लोक बगीत, मगे मागल्या दाराक जाय. मगे जेवताना ताटात येय." मधलं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. खरं सांगायचं तर मलाही पडला नव्हता. मी इतक्या वर्षांत त्या गोष्टी इतक्यांदा ऐकल्या आणि गोळी लागण्यापासून एकदम वड्यांवर येत राहिलो.

मागल्या दाराच्या उंबऱ्यात अक्का उभी होती. अक्का म्हणजे माझी आई, सत्त्याहत्तर वर्षांची, खारकेसारखी सुकलेली, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. पाट्यावर वाटप वाटून हात पिवळे झालेले. ती सकाळपासून तिथेच, दहा हातांवर, पाट्याशी बसली होती. तिनं सगळं बघितलं होतं.

"झालो खेळ?" ती म्हणाली. "गरम पाणी कोणी ओतल्यान?"

गुरुदासदादा माडाकडे बघायला लागले.

"सश्याची कातडी कागदासारकी. पाणी लागला की फाटता आणि केस मासाक धरतत. तो सुकोच सोलूचो आसता."

"अक्का, मगे आदी कित्याक सांगूक नाय?"

"माका इचारलंस खंय? ह्येंका इचारलंस, गुरुदासाक इचारलंस, त्या फोनातल्या गोऱ्याक इचारलंस. मी वाटप वाटी होतंय." तिनं हात धुतले, पदर खोचला. "सुंब हाड. आणि माजी पालो चिरूची ल्हान सुरी. पाट्यार धार काड तिका."

पुढची वीस मिनिटं मी जे बघितलं त्याबद्दल मला विनोद करता येत नाही. अक्कानं सश्याचे मागचे पाय सुंभानं बांधून न्हाणीच्या खुंटीला टांगले. ओली, फाटलेली बाजू आधी सुक्या फडक्यानं पुसून घेतली. मग दोन्ही पायांच्या सांध्यांशी, बांगडी घालावी तशी गोल चीर दिली, आणि एका पायाच्या आतून दुसऱ्या पायाच्या आतपर्यंत एकच रेघ ओढली. सुरी तिनं एवढीच वापरली. मग बोटं आत घातली. कातडी आणि मांस यांच्यामध्ये तिची बोटं अशी सरकत गेली की ती जागा तिच्यासाठीच ठेवलेली असावी. शाळेतून भिजून आलेल्या पोराचा स्वेटर आई डोक्यावरून काढते तशी ती कातडी उलटी होत होत खाली आली, पुढच्या पायांतून सुटली आणि मानेपाशी थांबली. जिथे आम्ही पाणी ओतलं होतं तिथे मात्र तिला एकेक केस वेचावा लागला. ती वेचत होती तोवर आम्ही चौघं पुरुष खाली बघत होतो.

मानेपाशी ती थांबली, चष्मा वर केला आणि नम्रता मॅडमना म्हणाली, "गो चेडवा, हय ये. ह्या बग. रानातल्या सश्याक मानेर मागल्या बाजूक काळो डाग आसता. ठळक. ह्येका खंय आसा? कानाच्या बुडापास्न सगळो करडो. आणि कान बग, आखूड. रानातल्याचे लांब आसतत. ह्यो घरचोच."

मॅडम पुढे गेल्या. वाकून बघितलं, कातडी बोटांनी उलटी-सुलटी केली. त्यांचा चेहरा बदलला. "बरोबर," त्या म्हणाल्या, "आमका ट्रेनिंगात शिकवल्यानी होता. फोटो दाखवल्यानी होते. माज्या ध्यानातसून गेला." शुद्ध कार्यालयीन मराठी कुठे गेली ते कळलं नाही. पंचनाम्यात त्यांनी लिहिलं, 'मानेवर काळा पट्टा नाही, प्राणी पाळीव आहे.' असावा नाही, वाटते नाही. साक्षीदार म्हणून अक्काची सही घेतली. अक्कानं हात पदराला पुसून, हळूहळू, पूर्ण नाव लिहिलं. मी आजवर हजारो सह्या तपासल्या आहेत. इतकी खणखणीत सही बघितल्याचं मला आठवत नाही.

मग तिनं पोट उघडलं. "हंय सुरी वर धरूची, आतडा लागता कामा नये. ही मुताची पिशवी, चिमटीत धरून काडूची, फुटली तर सगळा फुकट. ह्या काळीज, बगून घेवचा. पांढरे ठिपके आसले तर ससो पुरून टाकूचो. ह्येका नाय आसत. ह्या पित्त." ती सांगत होती आणि मॅडम वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेत होत्या. तुकडे करताना तिनं मला जवळ बोलावलं. मागच्या पायांचा सांधा वाकवून दाखवला, टक् असा आवाज झाला आणि पाय सुटला. पुढचा पाय मी हाडाशी शोधायला लागलो तर म्हणाली, "थंय हाड नाय. फुडलो पाय अंगाक हाडान जोडलेलो नसता, नुस्त्या मासान. सुरी अशी लाव की येता." आणि आला. मला हे बावन्नाव्या वर्षी कळलं. अप्पांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण ते खुर्चीतून पुढे वाकून बघत होते.

"अक्का, तुमका ह्या कोणी शिकयला?" मॅडमनी विचारलं.

"कोणी नाय. लगीन होवन आठ दिवस झाले होते. ह्येनी ससो हाडून मागल्या दारार टाकलो आणि पुडल्या दारार लोकांक गोष्ट सांगूक गेले. सासू म्हणाली, सोल. मी रडत रडत सोललंय. दुसरो न रडता. मगे बोटांक कळाक लागला." आणि ती काळजाचे तुकडे मिठाच्या पाण्यात टाकायला आत गेली.

मला त्या वेळी तिचा इतका अभिमान वाटला की मी गुरुदासदादांना म्हटलं, "बगलात?" ते म्हणाले, "मी तुका सांगा नाय होतंय? घरातल्या माणसाक इचार म्हणान?" त्यांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. पण मी त्या दिवशी कोणाशी भांडायच्या मनःस्थितीत नव्हतो.

दुपारी वडे-सागोती झाली. वास असा सुटला की मॅडम गणवेशात असून थांबल्या. अप्पा खाटेवर नको म्हणाले, टेबलाशी बसले. सारिकानं अक्कालाही जबरदस्तीनं त्यांच्या बाजूला बसवलं. एरवी ती सगळे उठल्यावर बसते. शिकारीत मागचा पाय म्हणजे ससा मारणाऱ्याचा मान. मारला परशुरामानं होता, पण तो मान सारिकानं सवयीनं अप्पांच्या ताटात वाढला. अप्पांनी तो बघितला. मग उचलून अक्काच्या ताटात ठेवला.

"मान तुजो," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही. मॅडमनीही सोलकढीचा पेला तोंडाला लावला. अक्कानं तो पाय दोन बोटांनी उचलला आणि परत अप्पांच्या ताटात ठेवला.

"माका नको. मी ससो खाणंय नाय."

"आज रयवार," अप्पा म्हणाले.

"कदीच खाणंय नाय. पयलो सोललो तेवापास्न नाय. हाताचो वास जायना, त्या हातान खातलंय कसा?"

"मगे तू काय जेवी होतंस?"

"कडी-भात." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. उद्या सोमवार आहे हे सांगावं तसं सांगत होती. अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात अप्पांनी शेकडो सश्यांची गोष्ट सांगितली आणि त्यातल्या एकाही जेवणात बायकोच्या ताटात काय आहे ते बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं. अप्पा वड्याचा तुकडा हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

शेवटी ते म्हणाले, "मगे तुका काय आवडता गो?"

अक्कानं त्यांच्या ताटाकडे बघितलं. मग त्यांच्या मनगटाकडे. "आदी जेवा. ताट संपला की सांगतंय."

अप्पा जेवले. पाय खाल्ला, हाड चोखलं, दोन वडे, त्यावर मूठभर भात, सागोतीचा रस वर ओतून घेतला. आम्ही कोणी त्यांच्याकडे बघत नाही असं दाखवत सगळे त्यांच्याकडेच बघत होतो. ताट बोटानं निपटून त्यांनी मान वर केली.

"जेवलंय. आता सांग."

"माका तळलेलो बांगडो आवडता," अक्का म्हणाली. "पण साफ केलेलो. दुसऱ्यान."

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी मी शाळेत निघालो तर अप्पांची खाट रिकामी. घरभर बघितलं, पडवीत बघितलं. ते मागल्या दारात होते. काठी भिंतीला टेकवलेली, बूड पाटावर, पुढ्यात सहा बांगडे, आणि हातात अक्काची पाला चिरायची सुरी. मासेवालीला त्यांनी स्वतः फाटकापर्यंत जाऊन थांबवलं होतं. पहिल्या बांगड्याचं डोकं कापताना त्यांनी अर्धा बांगडा डोक्याबरोबर घालवला, तो मांजर घेऊन गेलं. दुसऱ्याचं पित्त फोडलं. अक्का उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, काहीही न करता. तिला असं बसलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"शेपटेकडसून न्हय, डोक्याकडसून," ती सांगत होती. "घाई करू नका. माका खंय जावचा नाय."

दीड तास लागला. सहातले चार बांगडे ताटापर्यंत पोचले. चारही अक्कानं खाल्ले.